चार हिरवे दिवे

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात सुवर्णा विधाते नोकरीला लागली, तेव्हा तिथला कॉम्प्युटर विभाग म्हणजे एक छोटी खोली आणि खोलीत ती एकटी. मूळची मखमलाबादची. वडील बहिरूआबा झेंडू-शेवंती लावायचे, आई नवसाबाई फुलांची पोती घेऊन बाजारात बसायची. पोरीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, तर "आमची सुवर्णा वायरी जोडायच्या कामावर आहे," असं नवसाबाई शेजारणींना सांगे. आता हे काही अगदीच खोटं नव्हतं.

कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांचे साचे बनत. डिझाइनवाले ऑफिसच्या इमारतीत, मशीन सगळी समोरच्या शॉपमध्ये, मधे डांबरी रस्ता. मशीनला लागणारे प्रोग्रॅम आणि ड्रॉइंग ऑफिसातल्या सर्व्हरवर असायचे आणि तिथून एका केबलने शॉपमध्ये जायचे. काम वाढलं तशी ती एक केबल पुरेना. दोन हजार सहाच्या दिवाळीच्या सुट्टीत सुवर्णाने दोन इमारतींमध्ये चार केबल टाकून घेतल्या आणि दोन्ही टोकांच्या स्विचना, म्हणजे केबल जोडायच्या पेट्यांना, सांगून ठेवलं, की या चारही तारा मिळून एकच रस्ता समजा. एक तुटली तर उरलेल्या तिघी काम उचलतील, आणि एरवी भार चौघींत वाटला जाईल. सुट्टीनंतर वर्क्स मॅनेजर कुलथे साहेब स्वतः बघायला आले. स्विचवर चार हिरवे दिवे लुकलुकत होते.

"म्हणजे आता नेटवर्कच्या नावाने कोणी ओरडायचं नाही," साहेब म्हणाले.

"नाही ओरडणार सर," सुवर्णा म्हणाली. तिला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

पुढच्याच महिन्यात कारभारी शिरसाठांच्या मशीनवर लावलेले जॉब, म्हणजे कापायचे साचे, बिघडायला लागले.

कारभारी दिंडोरी तालुक्यातले. चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. शॉपमधलं सगळ्यात मोठं मशीन त्यांच्याकडे होतं. या मशीनचे प्रोग्रॅम इतके लांबलचक, की ते एकदम मशीनच्या पोटात मावत नसत. मशीनशेजारच्या कॉम्प्युटरमार्फत ते सर्व्हरवरून थोडे थोडे येत राहायचे आणि मशीन येईल तसं कापत जायचं. पुढचा तुकडा यायला उशीर झाला, की कटर होता त्या जागी पोलादावर नुसताच फिरत राही आणि तिथे एक डाग उमटे. साच्यावर डाग म्हणजे साचा बाद.

एक साचा बाद झाला, मग दुसरा. कारभारी म्हणायचे, "मी हात बी लावला नाय साहेब. चालता चालता थांबलं." कॉम्प्युटर जुना झाला असेल म्हणून सुवर्णाने नवा बसवला. नेटवर्कवर प्रत्येक कॉम्प्युटरला एक आकड्यांचा पत्ता असतो, तो मात्र तिने जुन्याचाच ठेवला, कारण सर्व्हर मशीनला त्या पत्त्यावरून ओळखायचा. नव्या कॉम्प्युटरवरही तिसरा साचा बाद झाला. मग तिने आपला लॅपटॉप नेऊन मशीनपाशी, त्याच खोबणीत जोडला. मोठमोठ्या फाइल्स सर्व्हरवरून ओढून पाहिल्या. कुठेही अडखळलं नाही.

त्या वेळी कारखान्यात नव्या कराराची बोलणी चालू होती आणि कारभारी युनियनच्या कमिटीवर होते. हे मुद्दाम चाललंय असं कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, कुणीतरी ते मोठ्याने म्हणालं, आणि एका दुपारी कुलथे साहेबांनी सुवर्णाला केबिनमध्ये बोलावलं. समोर कारभारी उभे होते.

"एकच विचारतो. नेटवर्कमध्ये दोष आहे का?"

"मी सगळं तपासलंय सर. चारही केबल चालू आहेत. दुसऱ्या कुठल्या मशीनची तक्रारही नाही."

"कॉम्प्युटर नवा. नेटवर्क धड. मग उरलं कोण?" साहेब कारभारींकडे वळले.

कारभारींनी साहेबांकडे पाहिलंच नाही. ते सुवर्णाकडे बघत होते. "ताई, तुम्ही पण?" एवढंच म्हणाले. संध्याकाळी त्यांना निलंबनाचं पत्र मिळालं. टोपी खुंटीला अडकवून ते गेटबाहेर पडले.

मशीनवर साई नावाचा दुसरा ऑपरेटर बसवला. हातचा चांगला, युनियनच्या भानगडीत नसलेला, साहेबांच्या विश्वासातला. पहिला जॉब लावताना साहेब मुद्दाम हजर राहिले. सुवर्णालाही बोलावलं होतं. कटर फिरू लागला, पोलादाचे कुरळे तुकडे उडू लागले. साई मशीनपासून दोन पावलं मागे, हाताची घडी घालून उभा होता.

आणि मशीन थांबलं.

कटर जागच्या जागी गरगरत राहिला. क्षणभराने पुन्हा पुढे सरकला. पुसून पाहिलं तर साच्यावर नखाएवढा डाग.

साईने दोन्ही हात वर केले, "सर, तुमच्यासमोर... मी काहीच नाही केलं." केबिनमध्ये आपण काय बोललो, ते सुवर्णाला शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

ती खोलीत आली आणि स्विचच्या कंपनीच्या पुण्यातल्या इंजिनिअरला, शेखरला, फोन लावला. सगळं सांगितलं.

"तुमचा लॅपटॉप त्याच जागी नीट चालला?" शेखरने विचारलं.

"अगदी नीट."

"लॅपटॉपचा पत्ता वेगळा असणार. आणि नवा कॉम्प्युटर बसवला, त्याला जुनाच पत्ता दिलात?"

"हो. पण त्याचा काय संबंध?"

"मॅडम, एक करा. मशीनच्या कॉम्प्युटरचा पत्ता बदला. शेवटचा आकडा एकाने वाढवा आणि सर्व्हरला तसं सांगा. बाकी कशाला हात लावू नका."

तिने साहेबांना विचारून तसं केलं. साईने भंगारातला एक ठोकळा लावला आणि तोच लांब प्रोग्रॅम चालू केला. मशीन एकदाही न थांबता शेवटपर्यंत गेलं. तिने पत्ता पुन्हा जुना केला. थोड्याच वेळात कटर थबकला. पुन्हा नवा केला. सुरळीत.

साहेब मशीनजवळ आले. "एका आकड्याने? हे काय भूतबीत आहे काय?"

सुवर्णाने पुन्हा फोन लावला. शेखरने मग तिला नीट समजावलं. चार तारा एकत्र बांधल्या तरी माल, म्हणजे जाणारी माहिती, चौघींत सारखा ओतला जात नाही. स्विच पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता बघतो, त्यांचं एक ठरलेलं गणित करतो आणि उत्तर येईल त्या तारेवर माल सोडतो. पत्त्यांची जोडी तीच, तर तार तीच. आज, उद्या, कायम. एकाच फाइलचे तुकडे वेगवेगळ्या तारांवरून गेले तर मागचे पुढे पोचतील, म्हणून ते तसं ठेवलेलं असतं. पुष्कळ कॉम्प्युटर असले, की गणिताची उत्तरं विखुरतात आणि भार आपोआप वाटल्यासारखा होतो, इतकंच.

"पण एखादी तार बिघडलेली असेल तर स्विच तिला टाळत नाही?"

"मेलेली असेल तर टाळतो. आजारी असेल तर त्याला कळत नाही. दिवा हिरवाच राहतो."

सुवर्णा कॉम्प्युटरकडे वळली. फोन तसाच कानाला. चारही तारांवरून किती माल गेला, तो आकडा ती आजवर एकत्रच बघत आली होती. एकेका तारेचा, चुकांसकट वेगळा हिशेब तिने कधी उघडलाच नव्हता. आता उघडला. तीन तारांवर चुका शून्य. चौथीवर इतक्या, की आकडा वाचताना तिला एकेका अंकावर बोट ठेवत पुढे सरकावं लागलं.

चौथी केबल शोधत ती शॉपच्या भिंतीच्या कडेने गेली. दिवाळीनंतर हवेची नवी पाइप टाकली होती, आणि पाइपचा एक लोखंडी क्लॅम्प त्या केबलवरच आवळला होता. वरचं प्लास्टिक फक्त जरा चेपलेलं. आतल्या तारा अर्धवट दबलेल्या; बहुतेक माल जाऊ द्यायच्या, मधूनच थोडा गिळायच्या. तिने केबल उपसून काढली. तिघींवर सगळा कारखाना चालू राहिला.

मग इतर गोष्टीही उलगडल्या. त्याच चौथ्या तारेवर स्टोअरचा कॉम्प्युटर होता, तपासणी विभागातले दोन होते. तिथे ड्रॉइंग उघडायला वेळ लागायचा, तर लोक वैतागून चहा पिऊन यायचे. तक्रार करण्याइतकं ते कुणाला वाटलं नव्हतं. पोलादावर डाग फक्त एकाच माणसाच्या हातून उमटत होता.

"सर, आपण शिरसाठांकडे जायला हवं," ती म्हणाली.

"पत्र पाठवू."

"मी जाते मग. मी तोंडाने सांगितलं होतं, नेटवर्क धड आहे म्हणून."

साहेब उठले. मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली.

दिंडोरीच्या पुढे, रस्त्यालगतच्या मळ्यात कारभारी भावाच्या द्राक्षबागेत घडांची विरळणी करत होते. हातात छोटी कात्री, खांद्यावर टॉवेल. त्यांची बायको लंकाबाई पलीकडच्या ओळीत होती. गाडीतून साहेब उतरलेले पाहून तिने कात्री खालीच टाकली. "आता आणिक काय राहिलं?" ती ओरडली. "पोलीस आणले का काय?"

सुवर्णाने क्लॅम्पने चेपलेला केबलचा तुकडा बरोबर आणला होता. तो दाखवून तिने सगळं सांगितलं. साचे याने बिघडवले, तुम्ही नाही, हे तिने दोनदा सांगितलं. माझं म्हणणं चुकलं, हेही सांगितलं. साहेबांनी मान खाली घालून होकार दिला.

कारभारींनी तो तुकडा हातात घेतला. उलटा-सुलटा केला, बोटाने चाचपला. त्यांचे डोळे भरतील असं सुवर्णाला वाटलं होतं. पण त्यांनी तो नुसता लंकाबाईच्या हातात दिला.

"ताई," ते म्हणाले, "मलाच वाटाया लागलं होतं का माझ्याच हातून कायतरी होतंय. रातच्याला झोपेतून उठून हात तपासायचो." त्यांनी तळवा उघडून दाखवला. "लय वाईट गेले हे दिवस. गावात तोंड दाखवाया नको वाटायचं. आन् निघालं काय, तर ही येवढी वायर?"

सुवर्णाला हे अपेक्षित नव्हतं. माणसाचा रोजगार गेला, नाव खराब झालं, इथपर्यंत तिचं मन पोचलं होतं. माणूस स्वतःच्या हातांवर अविश्वास दाखवायला लागेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती तिथेच बांधावर बसली. लंकाबाईने तिला पाणी आणून दिलं.

"कामावर या," साहेब म्हणाले.

"येतो. पन जे केबिनात झालं ते शॉपात सगळ्यांपुढं सांगा साहेब. मंग येतो."

साहेबांना ते जड गेलं, पण त्यांनी सांगितलं. जेवणाच्या सुट्टीआधी सगळी मशीन बंद ठेवून, शॉपच्या मधोमध उभं राहून. कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. कारभारींनी खुंटीवरची टोपी घेतली, साईने जागा सोडली आणि काम सुरू झालं.

कारभारी पुढे बरीच वर्षं त्याच मशीनवर होते. पण कटर फिरताना ते पूर्वीसारखे स्टुलावर बसत नसत. जॉब संपेपर्यंत उभेच राहत, एक हात मशीन थांबवायच्या लाल बटणाजवळ ठेवून. सुवर्णा कधी शॉपमध्ये आली की म्हणायची, "बसा ना कारभारीभाऊ." ते हसत, हो म्हणत, आणि ती वळून दारापर्यंत गेली तरी तसेच उभे दिसत.