ओरिजिनल नसलेली कडी

जुन्या गाड्यांच्या क्लबाचं सभासद होण्याचे फायदे पुष्कळ आहेत. मला कोणी विचारलेले नाहीत, पण मी सांगणारच, कारण ते सगळे मी भोगलेत.

आधी गाडीविषयी. माझ्या बाबांचं मल्लेश्वरमला हार्डवेअरचं दुकान होतं आणि माझ्याच वयाची एक राखी रंगाची गाडी होती. दर रविवारी सकाळी ते आईला शेजारी बसवून हेब्बाळच्या तळ्यापर्यंत जायचे. तिथे थर्मासमधली कॉफी प्यायची, पाच मिनिटं पाण्याकडे बघायचं आणि परत यायचं. यात काय मजा होती ते मला कधी कळलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. बाबा गेले, आई माझ्याकडे सर्जापूर रोडला राहायला आली आणि तिच्यापाठोपाठ टो होऊन गाडीही आली. दोन वर्षं ती बेसमेंटमध्ये बंद पडून होती. खाली तेलाचे डाग पडतात म्हणून अपार्टमेंटच्या असोसिएशनने मला तीन पत्रं पाठवली. शेजारचा कुत्रा रोज तिथेच जे करतो त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

आई काही मागणारी बाई नाही. पण एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "एकदा त्या गाडीतून मला हेब्बाळला ने गं. गुडघे स्वल्प वाकतायत तोवर." बास, एवढंच. सगळे गॅरेजवाले गाडी बघून हात जोडत होते, म्हणून मी क्लबात गेले.

पहिला फायदा: रविवारी झोपायचं ही वाईट सवय सुटते. सकाळी सातला एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये सगळे जमतात, आपापली बॉनेटं उघडतात आणि त्यात डोकं खुपसून उभे राहतात. बायकोचा वाढदिवस विसरणारी ही माणसं कार्ब्युरेटरचा नंबर झोपेत सांगतील. मालकीणबाई मी एकटीच. पहिल्याच दिवशी तिघांनी विचारलं, "मिस्टर नाही आले?" म्हटलं, मिस्टरांना गाडी चालवता येत नाही. यावर सगळ्यांना मिस्टरांबद्दल इतकी कणव आली की माझ्या गाडीकडे बघायचंच राहिलं.

दुसरा फायदा मात्र खरा आहे, तिथे मी टोमणा मारणार नाही. क्लबामुळे मला एक म्हातारे मेकॅनिक भेटले. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. ते गाडीच्या पोटाला कान लावून ऐकायचे, मान हलवायचे आणि कन्नडात "सरी", म्हणजे बरं, म्हणून कामाला लागायचे. चार महिन्यांनी इंजिन सुरू झालं. तो बाबांच्या गाडीचा खोकल्यासारखा आवाज ऐकला आणि मी तिथेच उलट्या डब्यावर बसून भोकाड पसरलं. अण्णांनी माझ्या हातात हात पुसायचं फडकं दिलं. त्याला ग्रीस होतं.

त्याच दिवशी आईला गाडीत घालून हेब्बाळला गेले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण नाही ना! तोपर्यंत मला क्लब लागला होता.

आमच्या क्लबाचे अध्यक्ष एक निवृत्त इंजिनियर आहेत. त्यांच्या खिशात बॅटरी आणि दाढीचा छोटा आरसा असतो, गाडीखाली बघायला. त्यांच्या तोंडी एकच शब्द: ओरिजिनल. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशीच्या तशी असेल तर क्लब सर्टिफिकेट देतो आणि वर्षाच्या रॅलीत ती गाडी पुढे चालते. नसेल तर ती मागे चालते. जगात याहून मोठी बेअब्रू नाही, असं मलाही वाटायला लागलं होतं.

अध्यक्षांनी माझ्या गाडीला फेरी मारली. डाव्या दारापाशी थांबले. "मॅडम, हे काय आहे?"

दाराच्या पुढच्या खांबाला, काचेच्या कडेला, एक स्टीलची कडी होती. बाथरूममध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी लावतात तीच. आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा बाबांनी दुकानातूनच आणून, स्वतः ड्रिल मारून बसवली होती. आई गाडीकडे पाठ करायची, उजव्या हाताने कडी धरायची आणि हळूहळू सीटवर टेकायची.

"टॉयलेटपण बसवलंय का आत?" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसले. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

अण्णांना मी कडी काढायला सांगितलं. त्यांनी पाना खाली ठेवला. "अक्का, स्वल्प विचार करा. ज्याने लावली त्याने उगाच नाही लावली."

"काढा हो अण्णा," मी म्हणाले. आईला धरायला मी असेनच की, असं मनात म्हटलं. त्यांनी कडी काढली, भोकं बुजवली, रंग मारला. इतका सुंदर रंग की तिथे कधी काही होतं हे कोणी शोधूनही काढलं नसतं. सर्टिफिकेट मिळालं. मी त्याला फ्रेम केली, मूर्खासारखी.

रॅली नेमकी हेब्बाळवरूनच जाणार होती. आई पहाटेच उठून तयार. ठेवणीतली रेशमी साडी, थर्मास, दोन पेले. बेसमेंटमध्ये गाडी बघून तिने बॉनेटवरून हात फिरवला. मग तिने गाडीकडे पाठ केली, न बघताच उजवा हात वर केला आणि खाली बसायला लागली.

हात हवेतच राहिला. मी थर्मास ठेवायला पलीकडे गेले होते. ती दाराच्या उंबऱ्यावर धप्पकन आपटली, पेले घरंगळत गेले. लागलं फार नाही. मी धावले, तिला धरलं, उठवलं. ती खांबाच्या त्या गुळगुळीत जागेवर बोटं फिरवत होती.

"कडी कुठाय?"

"काढली. ओरिजिनल नव्हती ती, आई."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुझ्या बाबांनी लावली होती," म्हणाली. मग साडी झटकली. "तू जा. तुझे लोक वाट बघत असतील."

आणि मी गेले. खोटं कशाला सांगू? नाव दिलं होतं, नंबर चिकटवला होता, गेले. शेजारच्या रिकाम्या सीटवर थर्मास होता. हेब्बाळचं तळं डावीकडून सरकत गेलं तेव्हा मी थांबले नाही, रांगेत पुढे होते ना. मला कप मिळाला. घरी आणला तर आई म्हणाली, "छान आहे," आणि त्यात तिने चमचे ठेवले. ते अजून तिथेच आहेत.

दुसऱ्या दिवशी अण्णांना फोन केला. त्यांनी कडी टाकली नव्हती, कागदात गुंडाळून डिकीतच ठेवली होती, स्क्रूसकट. मी बाबांचं जुनं ड्रिल काढलं आणि त्या सुंदर रंगात स्वतः भोकं पाडली. रंगाचे टवके उडाले. एक भोक वाकडं गेलं. सर्टिफिकेट अध्यक्षांना परत दिलं. त्यांना फार दुःख झालं. आता मी रॅलीत सगळ्यात मागे, एका सभासदाच्या वाटेल तशा रंगवलेल्या जीपच्याही मागे.

रविवारी आईला म्हटलं, चल. ती आली. पाठ केली, हात वर केला, आणि हात पुन्हा क्षणभर हवेत चाचपडला. मग कडी सापडली.

"बोटभर खाली लागलीय," ती म्हणाली. "त्यांनी माझा हात मोजून लावली होती."

"परत काढून लावू का?"

"नको. किती भोकं पाडशील?" ती सीटवर नीट टेकली. "चालव आता."

हेब्बाळ येईपर्यंत तिने कडीवरचा हात काढला नाही.