मी बंद पाडलेलं फाटक

आमच्या स्टेशनालगतचं रेल्वेचं फाटक मी बंद पाडलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. बत्तिसाव्या वर्षी आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं, म्हणून बंद पाडलं. तसा मूर्खपणा आयुष्यात पुष्कळ केला. जावेशी पैज लावून पेलाभर कारल्याचा रस प्याले, एकदा तर भलत्याच मांडवात जाऊन, पोटभर जेवून, आहेर देऊन आले. ते सगळं पचलं. फाटक तेवढं पचलेलं नाही.

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालं की आमचं स्टेशन लागतं. आंबिवली, टिटवाळा ही नावं लोकांना माहीत असतात, आमचं नसतं. मीही सांगणार नाही. फाटकावरून आधीच पुरेशा शिव्या खाल्ल्या आहेत.

मी लग्न होऊन आले तेव्हा स्टेशन म्हणजे एक पत्र्याची शेड, एक तिकिटाची खिडकी, कडुलिंबाखाली पाण्याचे दोन माठ आणि टांगलेला रुळाचा तुकडा. मागच्या स्टेशनवरून गाडी सुटली की रेल्वेचा माणूस त्या तुकड्यावर लोखंडी दांडा हाणायचा. तो आवाज थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचा. तो ऐकून मी शेवटची पोळी तव्यावर टाकायची आणि आमचे हे चपला शोधायला लागायचे. स्टेशनच्या कल्याणकडच्या टोकाला फाटक होतं. पूर्वेला आमची बिल्डिंग, बाजार आणि दवाखाना. पश्चिमेला जुनं गाव, वीटभट्ट्या आणि सिस्टर.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातली नर्स. अख्खं गाव तिला सिस्टर म्हणायचं, तशी मीही म्हणायची. मी ठाण्याला एका ऑफिसात क्लार्क होते, म्हणून ती मला क्लार्कबाई म्हणायची. माझ्या दोन्ही पोरांना पहिली सुई तिनेच टोचली. रोज सकाळी फाटक ओलांडून ती दवाखान्यात यायची आणि दुपारी डबा खायला माझ्या घरी. मी ऑफिसात असले तरी यायची, किल्ली होती तिच्याकडे. तिच्याकडे जयंतीला मी, माझ्याकडे गणपतीला ती. फाटकातून रमतगमत चाललं तरी पाच मिनिटांत एकमेकींच्या दारात.

आता मूर्खपणाकडे येते. सकाळची माझी लोकल रोज फाटकाच्या अलीकडे सिग्नलला उभी राहायची. कारण फाटकात विटांचा ट्रक नाहीतर बैलगाडी अडकलेली असायची आणि फाटक पडल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळायचा नाही. ऑफिसात तीन लेटमार्क झाले की एक रजा कापायचे. एकदा सहा रजा अशा गेल्या आणि माझं डोकं फिरलं. मी अर्ज लिहायला घेतला. अर्ज लिहिण्यात माझा हात कोणी धरायचा नाही असा माझा समज होता. ‘जनतेच्या व्यापक हिताच्या दृष्टीने’ हे शब्द त्यात चार वेळा होते. फाटक कायमचं बंद करावं, पायी जाणाऱ्यांसाठी पूल आहेच, असं ठणकावून लिहिलं. दोन रविवार घरोघर फिरून सह्या घेतल्या. शेवटी सिस्टरकडे गेले. ती ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती.

तिने अर्ज वाचला, पुन्हा वाचला. म्हणाली, “अगं, पण मग मी तुझ्याकडे येणार कशी?”

“पुलावरून! दोन जिने चढायचे, दोन उतरायचे.”

“आणि पाय दुखले तर?”

“तुझे दुखले तर मी येईन! माझे दुखले तर लोळत येईन! म्हातारी झालीस का काय आत्ताच?” मी म्हटलं. मोठ्या ऐटीत म्हटलं. मागे वळून बघते तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या बाईच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटते. पण हात तिथवर पोचत नाही.

“तू म्हणतेस तर करते,” म्हणून तिने सही केली. तिचं अक्षर सुंदर होतं.

फाटक काही लगेच बंद झालं नाही. अर्ज दिला तेव्हा माझा धाकटा पहिलीत होता. फाटक बंद झालं तेव्हा त्याला मिसरूड फुटलेलं. मी बिल्डिंगभर पेढे वाटले. हे म्हणाले, “हायवेकडे गाड्यांसाठी मोठा पूल झाला म्हणून फाटक बंद झालं. तुझ्या अर्जाला कोण विचारतंय? त्यात चणे बांधले असतील कुणीतरी.” मी भांडले. दोन दिवस बोलले नाही. श्रेय हवं होतं ना! तेव्हा कोणी दिलं नाही. आता मात्र कोपऱ्यावरची भाजीवालीसुद्धा मला “फाटकवाल्या आजी” म्हणते. पलीकडच्या मळ्यातून भाजी आणायला तिला वळसा पडतो. ती कोथिंबीर मोजून देते, मी निमूट घेते.

स्टेशन मात्र सुधारलं. दोन चांगले प्लॅटफॉर्म झाले, वर छप्पर आलं, तीन भाषांत बोलणारी बाई आली, तिकिटाचं मशीन आलं. मशीन मला ओळखत नाही, मी त्याला. दोन्ही बाजूंना लिफ्टचे उंच पिंजरे उभे राहिले आहेत. आत लिफ्ट यायची आहे. रुळांच्या कडेने गावभर भिंत झाली. चांगलंच झालं, माणसं मरायची थांबली. मीच मागितलं होतं सगळं. फक्त माझे गुडघे आणि सिस्टरची उजवी बाजू एकाच वर्षात गेली, हे अर्जात लिहायचं राहिलं.

तिला अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत, डोकं शाबूत, जीभ तर जास्तच शाबूत, पण खुर्चीला खिळली. मी सुरुवातीला रिक्षाने हायवेच्या पुलावरून वळसा घालून जायचे. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, आणि खड्ड्यांनी पाठीचा मणका असा काही हलला की डॉक्टरांनी रिक्षाच बंद केली. मग तिच्या सुनेने युक्ती काढली. प्लॅटफॉर्मच्या टोकाला दोन्हीकडे उतार आहे. सिस्टर तिच्या बाजूने खुर्चीवरून वर येईल, मी माझ्या बाजूने काठी टेकत.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी चार वाजता आम्ही स्टेशनवर भेटायला लागलो. ती कसाऱ्याकडच्या प्लॅटफॉर्मवर, मी कल्याणकडच्या. मध्ये रुळांच्या दोन जोड्या. त्या वेळी गाड्या कमी, माणसं कमी. पण बोलायचं म्हणजे ओरडायला लागायचं, आणि नर्सला लाज कशी ती नसते.

“क्लार्कबाई, पोट साफ होतं का?”

माझ्या शेजारी कॉलेजच्या तीन मुली, पलीकडे एक पोक्त गृहस्थ. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“होतं!” मी ओरडले.

“रोज?”

“रोज, गं बाई, रोज!”

“खोटं बोलतेस! तोंडावर दिसतंय!”

पोक्त गृहस्थांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. मुली खिदळल्या. एक म्हणाली, “आजी, इसबगोल घ्या.” पुढच्या गुरुवारी त्या मुली आमच्यासाठी थांबलेल्या होत्या.

अशी दोन वर्षं गेली. मग एका गुरुवारी सिस्टर ओरडली नाही. सुनेनेच सांगितलं, हात तोंडाजवळ धरून, “काकू, ह्यांनी बाळकुमला फ्लॅट घेतलाय! शनिवारी जातोय आम्ही!”

बाळकुम म्हणजे ठाण्यालाच, काही विलायत नव्हे. पण माझ्या गुडघ्यांसाठी आणि तिच्या खुर्चीसाठी ते तेवढंच लांब. मला नीट कळलं की आता ही बाई मला पुन्हा दिसायची नाही. फार काही नको होतं. एकदा पलीकडे जायचं, तिचा हात हातात घ्यायचा आणि अर्जाबद्दल चुकले म्हणायचं. ते काही ओरडून म्हणायची गोष्ट नव्हे.

त्यांची मोटार शनिवारी साडेचारला निघणार होती. जाण्याआधी चारला ती प्लॅटफॉर्मवर येणार होती. मी तीनलाच स्टेशन गाठलं. पिशवीत वालाच्या बिरड्याचा डबा, तिच्या आवडीचा. ठरवलं, एक तास हातात आहे, एकेक पायरी करत पूल चढायचा. बावीस पायऱ्या चढले. बाविसाव्या पायरीवर डावा गुडघा असा अडकला की पाय वर जाईना, खाली येईना. कठड्याला धरून मी नुसती उभी. एक भला माणूस थांबला. “आजी, आता एवढ्याच राहिल्यात,” म्हणाला, आणि मग त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण हळूच म्हणाला, “पण मग पलीकडे उतरायच्या पण आहेत.”

मी खाली आले ती बसून. एकेक पायरी, ढुंगणावर, रांगत्या पोरासारखी. लुगड्याची पार वाट लागली. कॉलेजच्या त्या तिघींपैकी एक मुलगी खाली भेटली. तिने मला बाकावर बसवलं, पाणी दिलं.

चार वाजता समोर सिस्टर आली. नवी साडी, केस नीट विंचरलेले. मी डबा वर धरून दाखवला. मुलगी म्हणाली, “द्या, आजी, मी देऊन येते.” आणि धडधड जिना चढून, पूल ओलांडून, पलीकडे उतरून तिने डबा सिस्टरच्या मांडीवर ठेवलासुद्धा. दोन मिनिटं. डबा गेला, मी राहिले.

मी म्हटलं, आता ओरडूनच सांगू. उठले, प्लॅटफॉर्मच्या कडेकडे गेले, तोंड उघडलं, आणि माझ्या बाजूच्या रुळावर मालगाडी आली. आली आणि थांबली. पुढे सिग्नल नव्हता. फाटक नाही, ट्रक नाही, बैलगाडी नाही, तरी गाडी थांबलीच! मला एकटीलाच हसू आलं. तसल्या वेळी येऊ नये तसं.

पर्समधला मोबाइल वाजला. सिस्टरचा.

“दिसत नाहीस गं,” ती म्हणाली.

“डब्यांच्या मध्ये फट आहे बघ. थांब, मी सरकते.”

काठी टेकत मी दोन डब्यांच्या फटीसमोर आले. तिच्या खुर्चीचं एक चाक दिसलं. अजून सरकले. मांडीवरचा डबा आणि त्यावर ठेवलेला डावा हात दिसला. चेहरा दिसेपर्यंत घोषणा सुरू झाली. तीच घोषणा एका कानात फोनमधून आणि एका कानात खरी.

“सिस्टर, ऐक ना. तो अर्ज...”

“काय? काही ऐकू येत नाही!”

“अर्ज! फाटकाचा! मी चुकले गं!”

“कोण चुकलं? गाडी चुकली?”

घोषणा हिंदीत सुरू झाली, मग इंग्रजीत. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. फोनवर सून म्हणाली, “काकू, निघायला हवं. पुढे ट्रॅफिक लागतो.” फटीतलं चाक फिरलं. मी फटीबरोबर सरकायला गेले, पण काठीच्या चालीने किती सरकणार! मालगाडी आणखी दहा मिनिटं तशीच उभी होती. मीपण.

रात्रीची भाजी चिरत होते तेव्हा तिचा फोन आला. पोचली होती. खोली मोठी आहे म्हणाली, वारा चांगला येतो, बिरडं मुलाने संपवलं. मी पुन्हा सुरू केलं, “सिस्टर, ते फाटक...” तर दवाखान्यात रांग मोडणाऱ्या बायकांना दटावायचा तो आवाज तिने काढला आणि म्हणाली, “राहू दे ते. त्या मुलीने सांगितलं मला, बावीस पायऱ्या चढलीस म्हणून. आधी गुडघ्याला शेक दे. आणि हे बघ, गुरुवारी चार वाजले की सवयीने पाय स्टेशनकडे वळतील तुझे. जाऊ नकोस, क्लार्कबाई. समोर कोणी नसणार.”