अर्ध्या तासाचं लिव्हर

प्रयोगशाळेत काकूंनी श्वास रोखला आणि काप काढायच्या यंत्राचं चाक एक फेरा फिरवलं. मेणाच्या ठोकळ्यातून उंदराच्या लिव्हरचा काप सुटला, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. कुंचल्यानं उचलून त्यांनी तो कोमट पाण्यावर सोडला आणि सुरकुत्या जाताच काचेवर घेतला. आजचा चाळिसावा.

"कशाला जिवाला त्रास, काकू?" प्रयोगशाळेचे सर एक कोरा कागद टेबलावर ठेवत म्हणाले. "ठोकळ्यांची अदलाबदल झाली असं यावर लिहून द्या. विषय संपला."

"आणि मग?"

"मग थोडे दिवस बाटल्या धुवायच्या खोलीत."

"बाटल्या धुऊनच वर आलेय मी. परत खाली पाठवायचं तर आधी माझी चूक दाखवा."

भानगड अशी होती. उंदरांना किरण दिले की त्यांच्या लिव्हरच्या पेशींतला डीएनए तुटतो. जिथं तुटला तिथं पेशी खूण लावते. रंग घातला की ती खूण मायक्रोस्कोपखाली हिरवा ठिपका होऊन चमकते. किरण दिल्यावर अर्ध्या तासाला ठिपकेच ठिपके. मग पेशी डागडुजी करते, दिवसभरात बहुतेक ठिपके जातात. काकूंच्या 'अर्धा तास' लिहिलेल्या काचांवर मात्र एकही ठिपका नव्हता. म्हणून सरांचा निकाल: काकूंनी हे ठोकळे 'एक दिवस'वाल्यांत घातले आणि ते यांच्यात.

काकू नववी नापास. पण बावीस वर्षं ठोकळ्याचा नंबर दोनदा मोठ्यानं वाचल्याशिवाय काचेवर पेन्सिल टेकवलेली नाही. पोरं हसायची, काकू पाढे म्हणतायत. हसू देत.

नवऱ्याचा फोन आला. "जेवायला येतेस, का तिथलंच लिव्हर खातेस?"

"वाढून ठेवा. झाकून ठेवा. आणि गप्प बसा."

'अर्धा तास' आणि 'एक दिवस', दोन्ही ठोकळ्यांचे काप त्यांनी एकाच ट्रेमध्ये, त्याच बाटल्यांतल्या रंगांनी रंगवले. हिरवा ठिपक्यांसाठी. लाल एका प्रथिनासाठी: डीएनए तुटला की पेशी वाढ थांबवायला ते बनवते, ब्रेकच म्हणा. ते सावकाश वाढतं आणि दुसऱ्या दिवशीही दिसतं.

दुपारी त्यांनी सरांना मायक्रोस्कोपसमोर बसवलं.

"ही 'एक दिवस'ची. लाल आहे, चारदोन हिरवे ठिपके आहेत. म्हणजे रंग बसलाय. आता ही 'अर्धा तास'ची. तुम्ही म्हणता ती खरी एका दिवसाची. मग लाल कुठाय?"

सर परत भिंगावर वाकले.

"बरं, अर्ध्या तासाचीच धरा. मग हिरवं कुठाय? सर, या लिव्हरला किरण लागलेच नाहीत."

सरांनी फिरवून फिरवून काच पाहिली. चष्मा पुसून परत पाहिली. "तो कागद फाडून टाका."

"तुम्हीच फाडा. तुम्हीच आणलाय."

त्यांनी फाडला. काकूंनी पुढचा ठोकळा चढवला आणि नंबर दोनदा वाचला.

वर्षभरानं किरणांच्या मशीनवाल्यानं सांगितलं, त्या सकाळी 'अर्धा तास'चे उंदीर आत ठेवले होते ते सरांनीच. तेवढ्यात त्यांना फोन आला, ते बोलत बोलत बाहेर पडले आणि बटण दाबायचं राहिलं. मशीनच्या वहीत त्या वेळेची ओळ कोरी आहे.