वरातीतला कापलेला तुकडा

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. सेनगाव तालुक्यातल्या एका गावात वरातीत नाचण्यावरून भांडण झालं आणि एका म्हाताऱ्याच्या डोक्यात काठी बसली. म्हातारा नांदेडच्या दवाखान्यात बेशुद्ध. फिर्यादी गावातला वजनदार माणूस. त्याने लग्नाच्या शूटिंगची सीडीच आणून दिली. तीत एक मेंढपाळ काठी घेऊन उभा, पायाशी म्हातारा. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवून आम्ही मेंढपाळाला अटक केली.

तो एकच धोशा लावायचा, त्याच्या आधीचं बघा. सीडीत आधीचं काही नव्हतंच. त्याची बायको मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर सोडून रोज ठाण्याच्या दारात बसायची.

मग खबऱ्याने हवालदाराच्या कानात सांगितलं, शूटिंग कापून घेतलंय. शूटिंगवाल्याला बोलावलं. त्याने लगेच कबूल केलं. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर एडिटिंगचं सॉफ्टवेअर अडकायचं, म्हणून तो काळ्या पडद्यावर कमांड टाईप करून व्हिडिओ कापायचा. कुठून कुठपर्यंत, ती वेळ कशी लिहायची, हे तो मला शिकवतच बसला. कापलेला भाग कुठे टाकला म्हणून विचारलं, की टाकला नाही म्हणायचा. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. हा मला खेळवतोय असं वाटून मी टेबलावर हात आपटला.

"मग आहे कुठे तो?"

"मूळ फाईलमंदीच हाय, साहेब. कमांड मूळ फाईलला हात लावत न्हाई, तुकड्याची नवी फाईल बनवते. आन् नवरदेवाकडचे अल्बम नेईपोतर मी मूळ पुसत न्हाई."

"हे आधी सांगता येत नव्हतं?"

"तुमी टाकलं कुठं, तेच इचारून राहिले."

पंचांसमक्ष कॉम्प्युटर जप्त केला, मूळ फाईल लावली. काठी फिर्यादीच्या मुलाने मारली होती. मेंढपाळाने धावत जाऊन ती हिसकावली, आणि सीडी नेमकी तिथून सुरू होत होती. फिर्यादीला बोलावून दाखवलं, तर तो उलट शूटिंगवाल्यावरच भडकला, "कापलं म्हणला होतास ना?"

समोर ठेवलेला पुरावा कुठून सुरू केलाय, ते आधी बघायचं, हे मी तिथे शिकलो.

न्यायालयात अहवाल देऊन मेंढपाळाला सोडवलं. आता हा शिव्या देणार, अशी माझी तयारी होती. त्याने विचारलं, "म्हातारा कसा हाय, साहेब?"

रोज ठाण्यात येणाऱ्या फिर्यादीने हे एकदाही विचारलं नव्हतं.