मुठीच्या मास्तरांचा डावा हात

मास्तरांना सगळी गल्ली मुठीचे मास्तर म्हणायची, पण म्हणून ते मारकुटे होते असं कुणी समजू नये. बाहेरच्या खोलीत ते संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घ्यायचे. दुकानात काम करणाऱ्या मुली, ड्रायव्हर, नर्सा, मुलाखतीच्या धास्तीनं अर्धे झालेले बापये, सगळे बाकांवर दाटीवाटीनं बसायचे. या मंडळींचं घोडं नेहमी एकाच जागी पेंड खायचं. कॅन कुठं, मे कुठं, शुड कधी आणि मस्ट कधी, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरत नसे.

डोक्यात शिरत नाही तर हातात घाला, असं म्हणून मास्तरांनी खुणा बसवल्या. कॅन म्हटलं की छातीवर थाप, म्हणजे मला जमतं. शुड म्हटलं की तर्जनी वर, म्हणजे केलेलं बरं. मस्ट म्हटलं की टेबलावर किंवा बाकावर मूठ, म्हणजे करायचंच, सुटका नाही. आणि मे म्हटलं की उघडा तळवा समोर, म्हणजे करू का, चालेल का. मूठ सगळ्यांची लाडकी. दिवसभर मालकाची बोलणी खाऊन आलेली माणसं ती अशी आपटायची की आत स्वयंपाकघरात फळीवरचे डबे वाजायचे.

ते डबे काकूंचे. काकू म्हणजे मास्तरांची बायको. वर्ग सुटायच्या सुमाराला त्या चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभ्या राहायच्या. ट्रे दिसला की पोरं तळवे पुढं करून ओरडायची, "मे आय, काकू?" काकू हसून प्रत्येकाच्या हातावर कप ठेवायच्या. उघडा तळवा म्हणजे काहीतरी हवंय, एवढाच अर्थ त्यांनी त्यातून घेतला होता. त्यांना दुसरं कुणी सांगितलंही नाही.

"मे हा सगळ्यात सभ्य शब्द," मास्तर वर्गात सांगायचे. "तो येत नसेल तर बाकीचं इंग्रजी घाला चुलीत." घरात मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मुलानं काय शिकायचं, भिंतींना कुठला रंग द्यायचा, काकूंनी माहेरी किती दिवस राहायचं, सगळं मुठीवर ठरायचं. माणूस वाईट नव्हता. काकूंना ताप आला की रात्रभर उशाशी बसायचा. पण बायकोला विचारायचं असतं, हे त्याला कधी सुचलंच नाही. काकूही मूग गिळून बसायच्या. मागच्या खिडकीशी बसून त्या लोकांच्या कपड्यांना रफू करून द्यायच्या, आणि तेवढी खिडकी मात्र त्यांच्या मालकीची होती. तिथं गल्लीतल्या बायका फाटलेलं घेऊन यायच्या आणि तासभर बोलून जायच्या.

मग एका सकाळी दाढी करता करता मास्तरांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. "समजतं त्यांना सगळं," डॉक्टर म्हणाले, "बोलणं येईल की नाही ते आताच सांगता येणार नाही." बाक भिंतीला सरकवून बाहेरच्याच खोलीत त्यांची खाट टाकली, शेजारी त्यांचं टेबल ठेवलं. डावा हात तेवढा शाबूत होता. त्या हातानं मास्तर खुणा करू लागले.

मूठ काकूंनी पहिल्याच दिवशी ओळखली. ती ओळखायला त्यांना वर्गात बसायची गरज नव्हती. छातीवर थाप मारली की चमचा त्यांच्या हातात द्यायचा, हेही कळलं. अडायचं ते तळव्यापाशी. त्या दिवा मालवायला निघाल्या, खिडकी लावायला उठल्या, त्यांचं अंग पुसायला बसल्या, की मास्तर तळवा उघडून त्यांच्याकडं बघत राहायचे. काकू त्यात कधी पाणी ठेवायच्या, कधी चष्मा, कधी गोळी. मास्तर डोळे मिटून घ्यायचे आणि ठेवलेलं तसंच बाजूला करायचे. "नको? मग हवंय तरी काय हो तुम्हाला?" असं म्हणून काकू कपाळाला हात लावायच्या.

महिन्याभरानं मुलगा गाडी घेऊन आला. तो लांबच्या मोठ्या शहरात राहायचा. "आई, तुला एकटीला हे निभणार नाही. तुम्हा दोघांना यायलाच पाहिजे," तो म्हणाला. पोरगं मायेनंच बोलत होतं, पण सूर थेट बापाचा होता. काकूंना जायचं नव्हतं. मुलाचं घर उंचावरचं, चकचकीत. तिथं फाटलेलं कुणी शिवत नाही, टाकून देतात. खिडकीशी येऊन बोलणारं तिथं कोण असणार? पण नाही म्हणायची सवय नव्हती, म्हणून त्या मुकाट्यानं बॅगा भरू लागल्या. सुया-दोऱ्यांचा डबा तेवढा खिडकीतच राहू दिला. तो बॅगेत ठेवायला हात धजेना.

बॅगा दाराशी गेल्या तेव्हा मुलगा खाटेशी वाकला. "बाबा, मग निघायचं ना?"

मायलेक दोघंही मुठीची वाट बघत राहिली. मास्तरांनी मुलाकडं पाहिलं, बॅगांकडं पाहिलं, मग मान कष्टानं वळवून काकूंकडं तळवा उघडला.

काकूंनी लगबगीनं पाण्याचा पेला दिला. मास्तरांनी तो टेबलावर ठेवला. पुन्हा तळवा. चष्मा दिला. तोही टेबलावर. पुन्हा तळवा. आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अहो, देऊ तरी काय तुम्हाला?" काकू रडकुंडीला आल्या.

मुलगा लहानपणी त्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. तो हळूच म्हणाला, "आई, थांब. काही देऊ नकोस. हे मे आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बाबा मागत नाहीयेत गं. विचारतायत. जायचं का नाही, ते तुला विचारतायत."

काकू मटकन खाटेच्या कडेला टेकल्या. म्हणजे दिव्याचं विचारत होते. खिडकीचं, अंग पुसायचंसुद्धा. रोज विचारत होते, आणि आपण रोज त्या हातावर चष्मा ठेवत होतो. त्यांना एकदम राग आला. "आत्ता?" त्या म्हणाल्या, "सगळा जन्म गेला आणि आत्ता विचारताय होय?" मग रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळं कुठलंच धड झालं नाही.

मास्तरांचा हात दुखत असणार, पण तळवा तसाच उघडा होता.

काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि मूठ वळली. टेबलावर आपटली, पण आवाज काही येईना. मग दात-ओठ खाऊन पुन्हा आपटली. आत फळीवरचा डबा वाजला.

"मी इथंच राहणार," काकू म्हणाल्या. "आणि हेही."

"अगं आई, पण तुला झेपेल का?"

काकूंनी छातीवर थाप मारली.

मुलगा हसला. "बरं. पण मदतीला कुणीतरी ठेवलेलं बरं," असं म्हणताना त्याची तर्जनी आपोआप वर गेली. ते बघून मास्तरांचं अर्धं तोंड हसलं. बॅगा उचलून मुलगा आत घेऊन गेला.

खोलीत दोघंच उरली. मास्तरांनी पुन्हा तळवा उघडला. काकूंचा हात सवयीनं पेल्याकडं गेला आणि मध्येच थांबला. मास्तरांचे डोळे भिंतीशी सरकवलेल्या पहिल्या बाकाकडं होते. काकू त्या खोलीत कायम ट्रे घेऊन दाराशी उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी बाक खाटेजवळ ओढला आणि त्यावर बसल्या.