साहेबांच्या डोक्यावरचे केस

लढाई सुरू झाली तेव्हा मी जबलपूरजवळ रांझीत, तोफगोळ्यांच्या फॅक्टरीच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि अजून कायम झालो नव्हतो. चित्रकलेचा मास्तर म्हणजे पानातलं लोणचं, नसलं तरी जेवण होतं. ब्लॅकआउट लागला तसं हेडमास्तरांनी मला खिडक्यांच्या काचा काळ्या रंगवायला बसवलं. त्या काचांचं जेवढं कौतुक झालं, तेवढं माझ्या एकाही चित्राचं झालं नव्हतं.

रविवारी हात शिवशिवायला लागले. बायको म्हणाली, "काहून जाऊन राहिले बाहेर? घरीच बसून वांगी काढा न!" वांगी काढून काढून मला त्यांचा वीट आला होता. सायकल घेतली, कॉलनीमागच्या टेकाडावर जाऊन बसलो आणि समोर दिसलं ते काढत सुटलो. समोर फॅक्टरी होती. धुराडी, पत्र्याची छपरं, पाण्याची टाकी. त्यावर ऊन असं काही पडलं होतं की लढाई चालू आहे हेच मी विसरलो.

पहारेकऱ्यांनी मानगूट धरून सुरक्षा अधिकाऱ्यापुढे उभं केलं. डोक्याचा चकचकीत गोटा, गालांवर देवीचे व्रण, हनुवट्या तीन.

"जासूस हो?"

"नहीं जी, ड्रॉइंग मास्टर हूँ."

"सब यही कहते हैं. मास्टर हो तो मेरी तस्वीर बनाओ."

नोकरी गेली तर घरी दोन लेकरं, आणि जबलपुरात चित्रकलेच्या मास्तरावाचून कुणाचं अडलं होतं? दिसतं तेच काढा, असं वर्गात मी घसा फोडून सांगायचो. इथे माझ्या पेन्सिलीने साहेबांच्या डोक्यावर दाट केस उगवले, व्रण पुसले, दोन हनुवट्या गिळल्या.

साहेबांनी चित्र बराच वेळ पाहिलं. टकलावरून हात फिरवला. मग पहारेकऱ्यांना म्हणाले, "छोड़ दो इसे. सामने बैठा आदमी तो बनता नहीं इससे, फैक्टरी क्या खाक बनाएगा!"

फॅक्टरी हुबेहूब उतरली होती. तितकं चांगलं चित्र मला पुढे उभ्या जन्मात जमलं नाही. ते त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत फाडलं आणि विचारलं, "क्यों मास्टर, ग़लत कहा?"

मी हात जोडले. म्हणालो, "नहीं साहब, मुझे ठीक से आता ही नहीं."