नाथाजी हयात आहेत

पेन्शन चालू राहावी म्हणून माजी सैनिक नाथाजींना दर नोव्हेंबरात कराडच्या बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागे. यंदा सून शिवांजलीनं अंगणातच त्यांच्यापुढं मोबाईल धरला. "मामा, आता ह्ये घरबसल्या हुतंय. निस्तं हिकडं बघा."

नाथाजींनी टोपी सारखी केली, छाती पुढं काढली आणि सावधानमध्ये उभे राहिले. मोबाईल काही केल्या त्यांना जिवंत मानेना.

"आवं, पापणी हलवा की जरा!"

"सावधानमधी काय बी हलवत न्हाईत," ते गुरकावले. तेवढ्यात डोळ्यापुढं चिलट आलं, पापणी लवली आणि दाखला गेलासुद्धा. "लय सोपं हाय की!" नाथाजी खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते इस्त्रीचे कपडे घालून एसटीला निघाले.

"आता कराडला कशाला? दाखला गेला न्हवं?"

"गेला की. मी जिता हाय, ह्ये सरकारला कळलं," बूट चढवत नाथाजी म्हणाले. "पर तोफखान्यातला आमचा बादशहा ठार बहिरा, फोन घेत न्हाई. दर वर्साला बँकंतल्या बाकावर माझी वाट बघतो. मी दिसलो न्हाई, तर त्यो काय समजंल?"